डावी हेडलाइट मंद, आणि मीटरवर साडेबारा व्होल्ट

मामांच्या गाडीची डावी हेडलाइट मंद लागते हे माझ्या कानावर आलं, तोवर दोन बल्ब बदलून झाले होते, होल्डर बदलून झाला होता आणि बॅटरीही नवी बसली होती. लाइट जशीच्या तशी. उजवीकडे नेहमीचा प्रकाश, डावीकडे विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस. "समोरून येणाऱ्याला लांबून मोटारसायकल वाटते रे ही," मामा सहज बोलून गेले. मला तेच सगळ्यात जास्त लागलं. एका बाजूचा रस्ता दिसत नाही ही अडचण आहेच, पण समोरच्याला गाडीच्या रुंदीचा अंदाजच येत नसेल तर ते जिवावर बेतणारं आहे.

दोष शेवटी निघाला तो साधाच. पण तो चार तपासण्यांतून निसटला होता आणि त्यातली एक तपासणी माझी होती. म्हणून काय सापडलं यापेक्षा ते आधी का सापडलं नाही, हे मी जास्त तपशिलात लिहितो आहे.

गाडी आणि तिचं वायरिंग

गाडी २५ वर्षांची, कार्ब्युरेटरची. हेडलाइटला एच-४ बल्ब, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन फिलामेंट: ६० वॅटची हाय बीमसाठी, ५५ वॅटची लो बीमसाठी. मागे तीन पाती. एक लोचं, एक हायचं आणि तिसरं दोघींचं मिळून अर्थिंगचं. हे तिसरं पातं सामायिक आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं कोडं त्याच्यापाशीच आहे.

करंटचा रस्ता लांबचा. बॅटरीतून निघालेली वायर डॅशबोर्डातून आत जाते, लाइटच्या स्विचला, तिथून स्टिअरिंगखालच्या, लो-हाय बदलणाऱ्या डिपर स्विचला, मग परत बाहेर इंजिनच्या बाजूला फ्यूजच्या डब्यात. तिथे प्रत्येक बाजूच्या प्रत्येक बीमला वेगळा फ्यूज आहे आणि तिथून बल्ब. बल्बमधून अर्थची वायर, ती जवळच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली. पत्र्यातून, म्हणजे गाडीच्या बॉडीतून, करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत. मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, कुठेच नाही. ५५ वॅटला १२ ने भागलं तर साडेचार अँपिअरच्या जरा वर येतं. दोन्ही लाइटचे मिळून नऊ अँपिअरहून जास्त, आणि हा सगळा भार २५ वर्षं डॅशबोर्डावरच्या त्या एका स्विचमधून जात आला होता.

चार तपासण्या, चारही पास

पहिली तपासणी बल्बची. दोन बल्ब बदलले गेले, पण त्याची गरज नव्हती. डाव्याचा बल्ब उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे घातला असता तर काहीही विकत न घेता उत्तर मिळालं असतं. मी नंतर तेच केलं. बल्ब जागा बदलून बसले, मंदपणा मात्र डावीकडेच राहिला. म्हणजे बल्बचा दोष नाही. हे करताना एक काळजी घ्यावी लागते. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लागू द्यायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

दुसरी तपासणी गॅरेजमध्ये झाली होती. मीटर बीपवर ठेवून अर्थची वायर आणि बॉडी यांच्यात पाहिलं गेलं. बीप वाजला, म्हणून अर्थिंग चांगलं. तिसरी टेस्ट लॅम्पची. त्याचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं होल्डरमधल्या अर्थला. लॅम्प लागला. अर्थिंग पुन्हा पास.

चौथी तपासणी माझी. मी दोन्हीकडचे होल्डर बल्बपासून ओढून काढले, लो बीम चालू केली आणि डाव्या होल्डरच्या दोन भोकांत मीटरचे प्रोब घातले. १२.५ व्होल्ट. इंजिन बंद होतं, म्हणजे बॅटरीवर होते तेवढेच इथे पोचत होते. मी मामांना सांगितलं, "सप्लाय पूर्ण येतोय, अर्थिंगही आहे." आणि रिफ्लेक्टर काळा पडलाय का ते पाहायला लागलो. त्यात माझी अख्खी दुपार गेली. रिफ्लेक्टर स्वच्छ होता, काचेत पाणी शिरलेलं नव्हतं.

हा १२.५ चा आकडा खोटा नव्हता. पण ज्या प्रश्नाचं तो उत्तर होता, तो प्रश्न मी विचारलेलाच नव्हता. मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यातून करंट जवळपास जातच नाही. करंट नाही तर वाटेतल्या कुजक्या जोडावर व्होल्टेज पडणार कुठून? एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा अशा वेळी ठणठणीत दिसते. तीच वायर बल्ब जोडून साडेचार अँपिअर ओढायला लागली की तिचं खरं रूप कळतं.

बीपचंही तसंच. बऱ्याच मीटरचा बीप ३०-४० ओहमपर्यंत वाजतो. घंटीच्या वायरला किंवा तुटलेली तार शोधायला तो ठीक आहे. हेडलाइटच्या अर्थिंगला मात्र एक ओहमसुद्धा फार झाला. आणि टेस्ट लॅम्प जेमतेम ५ वॅटचा, अर्धा अँपिअरही ओढत नाही. वाटेत सहा-सात ओहम असले तरी तो लागतो, थोडा मंद लागतो, पण शेजारी तुलनेला दुसरा लॅम्प नसेल तर ते डोळ्याला कळत नाही.

भिंतीसमोर, अंधारात

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी केली आणि मीटर बाजूला ठेवून नुसतं पाहत बसलो. खरं म्हणजे सुरुवात इथूनच करायला हवी होती.

लो बीम लावली. उजवीकडचा प्रकाश भिंतीवर व्यवस्थित, वरची कड स्पष्ट. डावीकडे कड नाहीच, नुसता पिवळट डाग, आणि तोही वर पसरलेला. ते वर पसरणं मला खटकलं. एच-४ बल्बमध्ये लोच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक बारीक वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर जाणारा प्रकाश ती अडवते, म्हणून लो बीमला वरची कड मिळते. हायच्या फिलामेंटखाली ती वाटी नसते. मग लो लावलेली असताना प्रकाश वर कसा?

काचेजवळ जाऊन तिरकं पाहिलं. चालू हेडलाइटमध्ये असं पाहवत नाही, डोळे दिपतात, पण ही इतकी मंद होती की आतलं सगळं दिसत होतं. पुढची लोची फिलामेंट नारिंगी, आणि तिच्या मागे हायची फिलामेंटसुद्धा लालसर. लो लावलेली असताना दोन्ही पेटलेल्या.

मी मामांना म्हटलं, "आत डॅशबोर्डावर हाय बीमचा निळा दिवा लागलाय का बघा."

"नाही," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "थांब. हाताने झाकून बघतो. अरे, आहे थोडासा! अगदी किंचित. हा तर बरेच दिवस असाच दिसतो, मला वाटलं बाहेरच्या उजेडाचं प्रतिबिंब असेल."

डिपर ओढून हाय लावली तर डावीकडे तेच, दोन्ही फिलामेंट अर्धवट. उजवीकडची हाय मात्र भक्कम.

सप्लाय कमी पडत असता तर लोची फिलामेंट मंद झाली असती, हायची पेटायचं काही कारण नव्हतं. जिला सप्लायच दिलेला नाही ती फिलामेंट पेटते, तेव्हा करंट तिच्यात उलट बाजूने शिरलेला असतो. तो कसा, ते मी तिथेच कागदावर काढून मामांना दाखवलं.

डाव्या बल्बच्या लोमध्ये करंट नीट येतो आणि फिलामेंटमधून सामायिक पात्यापाशी पोचतो. तिथून त्याने अर्थच्या वायरने बॉडीत जायचं. पण ती वाट चोंदलेली आहे. मग तो त्याच पात्याला जोडलेल्या दुसऱ्या फिलामेंटमध्ये, हायच्या फिलामेंटमध्ये, घुसतो. ती ओलांडली की हायच्या वायरवर येतो. फ्यूजच्या आधी हायची वायर दोन्ही बाजूंना एकच, म्हणून तिथून उजव्या बल्बच्या हायच्या फिलामेंटमधून उजव्याच्या चांगल्या अर्थिंगने परत जातो. वाटेत निळ्या दिव्यालाही थोडा करंट मिळतो. डाव्याची लो, डाव्याची हाय आणि उजव्याची हाय अशी तिघींची साखळी होते आणि कुणालाच पुरेसं व्होल्टेज मिळत नाही.

मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे करंट येतोय बरोबर, त्याला परत जाता येत नाहीये."

नेमकं हेच. निळा दिवा, वर पसरलेला डाग आणि एकाच वेळी दोन फिलामेंट, हे तिन्ही जमलं की बल्ब आणि सप्लाय दोन्ही सोडून अर्थिंगकडे वळावं. त्यासाठी मीटरसुद्धा लागत नाही.

आता बल्ब पेटलेला ठेवून

तरी आकडे घेतले, कारण आकड्यांशिवाय नुसता अंदाज राहतो. इंजिन चालू करून जरा रेस दिली आणि आयडल वाढवून ठेवला. बॅटरीवर १४.० व्होल्ट. लो बीम चालू. होल्डर बल्बला बसलेला, आणि प्रोब होल्डरच्या मागच्या बाजूने, वायरच्या कडेने आत सरकवून पात्याला टेकवलेला. काळा प्रोब सारा वेळ बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर. नुसत्या बॉडीवर नाही, कारण बॉडीचाच भरवसा तपासायचा होता.

उजवीकडे लोच्या पात्यावर १२.२, अर्थच्या पात्यावर ०.२. म्हणजे बल्बला १२.० मिळतात. डावीकडे लोच्या पात्यावर १२.३, आणि अर्थच्या पात्यावर ६.१.

अर्थच्या पात्यावर सहा व्होल्ट! तिथे जवळपास शून्य असायला हवं. चांगल्या अर्थिंगवर चालू लाइटमध्ये ०.१-०.२ व्होल्टच्या वर जाऊ नये. डाव्या बल्बच्या वाट्याला १२.३ वजा ६.१, म्हणजे जेमतेम ६.२ व्होल्ट येत होते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसतो, तो साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज निम्मं झालं की प्रकाश निम्मा होत नाही, दहाव्या हिश्श्यावर येतो. समोरच्याला मोटारसायकलचा भास होत होता तो उगाच नव्हता.

खात्रीसाठी एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या होल्डरच्या अर्थच्या पात्याला टेकवलं. बारीकशी ठिणगी उडाली आणि डावी लाइट तांबूस होती ती एका क्षणात पांढरट झाली. भिंतीवरचा वर पसरलेला डाग खाली उतरला, कड उमटली. आतून मामांचा आवाज आला, "निळा गेला रे!" वायर काढली की परत निखारा. चार-पाच वेळा करून पाहिलं. गरज नव्हती, पण पाहत राहावंसं वाटत होतं.

स्क्रूखाली काय होतं

डाव्या हेडलाइटची अर्थची काळी वायर रेडिएटरच्या बाजूच्या उभ्या पत्र्याला जाते. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली आणि तो स्क्रू खोलला. तो आधी हललाच नाही. गंज सुटायचं तेल टाकून अर्धा तास थांबलो, मग सुटला.

थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्याच्या, खाली रंग. मूळचा नाही, नंतर मारलेला, दोन थरांत. मामांना आठवलं, फार वर्षांपूर्वी पुढून गाडी ठोकली गेली होती, डावा पत्रा सरळ करून रंगवला होता. रंगवणाऱ्याने स्क्रूच्या जागेवरही रंग मारला आणि वर थिंबल कसून टाकलं. इतकी वर्षं करंट थिंबलमधून पत्र्यात जातच नव्हता, तो थिंबलमधून स्क्रूत आणि स्क्रूच्या आट्यांतून पत्र्यात जात होता. आटे चकचकीत होते तोवर भागलं. आटे गंजले तसतशी लाइट मंद होत गेली. ती एका रात्रीत मंद झालेली नाही, म्हणून नेमकी कधीपासून हे मामांना सांगता येत नव्हतं.

थिंबल हातात घेऊन वायर किंचित वाकवली तर इन्सुलेशनमधून करकर आवाज आला. टोकाकडून दोन सेंटिमीटर सोललं. तांबं काळं पडलेलं, आणि थिंबलच्या तोंडाशी हिरवी भुकटी. ओल थिंबलच्या बाजूने वायरच्या आत चढत गेली होती. आणखी कापलं, पुन्हा काळं. साधारण बारा सेंटिमीटर कापल्यावर लालसर तांबं दिसलं. काळ्या पडलेल्या तांब्यावर नवं थिंबल दाबण्यात काही अर्थ नसतो. तो जोड पहिल्या दिवसापासून कच्चाच असतो.

आखूड झालेल्या वायरला जोड देत बसण्यापेक्षा होल्डरपासून नवी २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली. नवं थिंबल दाबून बसवलं आणि मग ओढून पाहिलं, सुटत नाही ना. पत्र्यावरचा रंग नाण्याएवढ्या जागेत पॉलिश पेपरने पांढऱ्या लोखंडापर्यंत घासला. दातेरी वॉशर, नवा स्क्रू, घट्ट. गंज रोखणारी जेली शेवटी, सगळं कसून झाल्यावर वरून. आधी लावली तर ती पत्रा आणि थिंबलच्या मधे येते.

उजवी लाइट थोडी उतरली

मामांच्या दृष्टीने काम इथे संपलं होतं. डावी लागली, निळा दिवा गेला, दोन्ही सारख्या. मी सवयीने परत तेच सगळे आकडे घेतले. डाव्या बल्बला ११.७ व्होल्ट. उजव्या बल्बलाही ११.७.

उजवीला आधी १२.० मिळत होते. तिला आम्ही हातही लावला नव्हता. मग तिचे ०.३ व्होल्ट गेले कुठे?

डावी आजारी होती तोवर ती कमी करंट ओढत होती. आता ती तिचा पूर्ण वाटा घ्यायला लागली आणि त्याचा भार उजवीवर पडला. हे फक्त एका कारणाने होऊ शकतं. दोघींच्या सामायिक वाटेत कुठेतरी अडथळा आहे. फ्यूजपासून पुढे दोघींच्या वायरी वेगळ्या आहेत, म्हणजे तो फ्यूजच्या आधी, डिपर किंवा लाइटच्या स्विचपाशी असणार. बॅटरीवर १४.० आणि बल्बला ११.७, म्हणजे २.३ व्होल्ट वाटेत जात होते. त्यातले ०.२ अर्थिंगच्या बाजूने, बाकी २.१ येण्याच्या वाटेवर.

डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. दोन्ही लाइट सारख्या मंद असल्या की तुलनेला काही उरत नाही, आणि माणूस म्हणतो, जुन्या गाडीची लाइट अशीच असायची. मामाही तेच म्हणाले. मला ते पटलं नाही.

२.१ व्होल्टचा हिशोब लावायचा तर एका वेळी एकच तुकडा मोजायचा. मीटरचा एक प्रोब तुकड्याच्या सुरुवातीला, दुसरा शेवटाला, लाइट चालू. जेवढे व्होल्ट दिसतात तेवढे त्या तुकड्याने खाल्ले. बॅटरीपासून लाइटच्या स्विचपर्यंत ०.२५. स्विचच्या आत, एका खुंटीपासून दुसरीपर्यंत, ०.९. स्विचपासून डिपरपर्यंत ०.१. डिपरच्या आत ०.४५. फ्यूज आणि त्याची क्लिप मिळून ०.१५. फ्यूजपासून बल्बपर्यंत ०.२५. बेरीज बरोबर २.१.

स्विचमधले ते ०.९ व्होल्ट म्हणजे एक ओहमचा दहावा भाग. साध्या मीटरवर ओहममध्ये हे कधीच सापडत नाही, मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. पण त्यातून नऊ अँपिअर जाताना त्या नखाएवढ्या जागेत आठ वॅटची उष्णता तयार होते. स्विच बाहेर काढला तेव्हा त्याच्या पाठीवरचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी पडलं होतं आणि एका खुंटीभोवती थोडं वितळून पुन्हा घट्ट झालेलं होतं. मला हे डाव्या लाइटपेक्षा जास्त गंभीर वाटलं. मंद लाइट दिसते तरी. तापणारा स्विच डॅशबोर्डाच्या आत असतो, तिथे कुणी पाहत नाही.

याच सुमारास मामांच्या मुलाने सुचवलं होतं की १००/९० वॅटचे बल्ब टाकू, उजेड वाढेल. या गाडीत ते केलं असतं तर करंट दीडपटीच्या वर गेला असता, तेवढाच घट स्विचमध्येही वाढला असता, आणि उष्णता अडीचपटीहून जास्त झाली असती. होल्डर आणि स्विच दोन्ही वितळले असते. त्याचा दुसरा पर्याय होता एलईडी बल्ब. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरला फिलामेंट जिथे असते त्याच बिंदूवरून प्रकाश हवा असतो. त्याच आकाराचे चिप तंतोतंत तिथे नसतील तर प्रकाश भलतीकडे फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दोन्हींना मी नाही म्हटलं. ५५ वॅटच्या बल्बला त्याचे पूर्ण व्होल्ट पोचवले तर तेवढ्यावर भागतं, हे मला दाखवून द्यायचं होतं.

रिले

नवा स्विच बसवता आला असता. पण नव्या स्विचमधूनही तेच नऊ अँपिअर जाणार आणि काही वर्षांनी तोही इथेच येणार. म्हणून दोन रिले बसवले, एक लोसाठी, एक हायसाठी. दोन वेगळे अशासाठी की लोचा रिले रस्त्यात दगा देऊन गेला तर हायवर तरी घरी पोचता यावं.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरीतून थेट, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ म्हणजे रिले चालू करणारी कॉइल. हेडलाइटला जाणारी जुनी वायर कापली नाही, तिच्या टोकाला नवा कपलर लावून ती कॉइलला दिली. म्हणजे मामांना स्विच आणि डिपर पूर्वीसारखेच वापरायचे आहेत, फक्त आता त्यांतून कॉइलपुरता करंट जातो, पाव अँपिअरसुद्धा नाही. ३० ची वायर बॅटरीवरून आली, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात तिच्यावर मुख्य फ्यूज. हा फ्यूज बॅटरीजवळच हवा. रिलेजवळ लावला तर मधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला राखणारं कुणीच नसतं. ८७ नंतर डाव्याला आणि उजव्याला वेगवेगळे फ्यूज, म्हणजे एका बाजूला शॉर्ट झाला तर दोन्ही लाइट एकदम जाणार नाहीत.

रिले लावायच्या आधी चार्जिंगचं व्होल्टेज पाहून घेतलं होतं. ते १४.० च्या आसपास स्थिर होतं म्हणूनच पुढे गेलो. रेग्युलेटर बिघडून १५ च्या वर जात असता तर आतापर्यंत वाटेतल्या घटीनेच बल्ब वाचवले असते, आणि रिले लावल्यावर ते पटापट गेले असते.

जाता जाता बॅटरीपासून बॉडीला जाणारी निगेटिव्हची पट्टीही काढून घासली. तिच्यामुळे अर्थिंगच्या बाजूचे ०.२ चे ०.१ झाले.

मग शेवटची मोजणी. बॅटरीवर १४.०, दोन्ही बल्बला १३.५. आधीच्या ११.७ शी तुलना केली तर त्याच बल्बांचा प्रकाश दीडपटीहून जास्त वाढला होता. मामा काही बोलले नाहीत. भिंतीजवळ गेले, दोन्ही कडा एका रेषेत येतात का ते हाताने जोखत उभे राहिले.

त्या येत नव्हत्या. डावी कड उजवीपेक्षा जरा वर होती. इतकी वर्षं मंद असल्याने ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. आता प्रकाश वाढल्यावर खुपली असती. टायरमधली हवा सारखी केली, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर नेली, आणि लो बीमची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल अशी दोन्हीकडे स्क्रूने लावली. म्हणजे एक टक्क्याचा उतार.

दोन महिन्यांनी मामांकडे गेलो तेव्हा बॉनेट उघडून तेच आकडे परत घेतले. डावीकडे १३.५, उजवीकडे १३.४. हे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, पुढच्या वेळी गाडी उघडणाऱ्याला तुलनेला काहीतरी हवं. उजव्या बाजूचा अर्थिंगचा स्क्रू अजून मूळचाच आहे, त्याच्याभोवती गंज दिसतो. पण चालू लाइटमध्ये तो ०.१ दाखवतो. जोवर तो आकडा हलत नाही तोवर त्याला पाना लावायचा नाही, असं मामांचं आणि माझं ठरलं आहे.